परवलीचा शब्द आणि कालची भाजी

तासगावच्या एसटी स्टँडमागं माझं ऑनलाइन फॉर्म भरून देण्याचं दुकान आहे. बारा वर्षांत तिथं दोन गोष्टी साचल्या: लोक विसरून गेलेल्या झेरॉक्स आणि किस्से. झेरॉक्स मी दिवाळीला रद्दीत घालते. किश्श्यांचं काय करायचं ते अजून ठरलेलं नाही.

*

आटपाडीकडचे बिरूमामा मेंढरांच्या विम्याचा फॉर्म भरायला आले. आपण रोबोट नाही हे पटवायला वेबसाइटनं नऊ चित्रं दाखवली. त्यातले डोंगर निवडायचे होते. मी निवडले, चूक. नवी चित्रं आली, पुन्हा चूक. तिसऱ्या वेळी मामा मागून वाकले.

"त्यो कोपऱ्यातला डोंगर न्हवं, माळ हाय. मेंढरं दमायची न्हाईत त्येच्यावर."

मी तो सोडला आणि फॉर्म उघडला! मशीनला मेंढरांचं कसं कळतं, याचा मला अजून शोध लागलेला नाही.

*

द्राक्षांच्या घडातले जादा मणी खुडायची विरळणी सुरू झाली की मजूर बायकांचे अंगठे झिजतात आणि मशीनवर उठत नाहीत. मालनकाकींनी एकदा सात वेळा अंगठा दाबला. मशीन म्हणे, 'पुन्हा प्रयत्न करा.'

काकी म्हणाल्या, "ह्येला म्हणावं, एक दिस बागंत ये. तुझा बी अंगठा ऱ्हायचा न्हाई."

*

सुभेदार तात्या माझं सगळ्यात अवघड गिऱ्हाईक. लष्करातून निवृत्त, ताठ, शिस्तीचे. पहिल्यांदा आले तेव्हा मी म्हटलं, "तात्या, ओटीपी सांगा."

"न्हाई सांगणार."

"अहो, मीच मागवलाय."

त्यांनी मोबाइल माझ्यासमोर धरला, पण आकड्यांवर बोट ठेवून. "वाच. कुणालाबी सांगू नका, आसं लिवलंय. तू 'कुणालाबी'तच येतीस."

मी कीबोर्ड त्यांच्याकडं वळवला. एकेक आकडा शोधेपर्यंत ओटीपीची मुदत संपायची. पाचव्या ओटीपीला जमलं.

*

पुढं कळलं की तात्या ईमेलचा पासवर्ड रोज बदलतात. "पहाऱ्यावर परवलीचा शब्द रोज नवा आसतोय," म्हणाले. लक्षात कसा ठेवता, विचारलं. तर घरात आक्का, म्हणजे त्यांची बायको, जी भाजी करतील, तोच त्या दिवशीचा शब्द! विसरले की घरी फोन करायचा. मला हे फार आवडलं. एवढी सोपी युक्ती कुणा इंजिनिअरला सुचली नसती.

*

मागच्या महिन्यात तात्या घाईनं आले. नातीचा सैनिकी शाळेचा फॉर्म त्यांच्याच ईमेलवरून भरायचा होता आणि मुदत त्याच दिवशी पाचला संपत होती. चार वाजून गेलेले. तात्यांनी 'दोडका' टाकला, चूक. 'शेपू' टाकला, तोही चूक. आता एकच संधी उरली होती, मग खातं बंद.

"आक्कांना फोन करा की."

तेव्हा कुठं त्यांनी सांगितलं: आक्का भांडून आठ दिवस फलटणला बहिणीकडं होत्या. यांचं जेवण लोणच्यावर चाललं होतं. त्या गेल्यापासून भाजी नाही, म्हणून शब्दही बदललेला नव्हता.

शेवटी मीच त्यांच्या मोबाइलवरून फोन लावला आणि स्पीकरवर टाकून तात्यांपुढं टेबलावर ठेवला.

"आगं, तू गेलीस त्या दिशी भाजी कंची हुती?"

"आठ दिसांनी फोन केला, त्यो भाजी इचाराया?" आक्का कडाडल्या. "त्या दिशी चूल तरी पेटली हुती का?"

तात्यांचा चेहरा उजळला. त्यांनी हातानं झाकून 'उपास' टाकला. खातं उघडलं. पाचला सात मिनिटं असताना फॉर्म गेला.

मी सुटकेचा श्वास सोडला, पण तात्या उठेनात. "आता शब्द बदलाया पायजे," म्हणाले. कीबोर्ड झाकला, दोन अक्षरं दाबली आणि अडकले. रांगेत सहा माणसं उभी होती. कधी कुणाला ओटीपी न सांगणारा हा माणूस माझ्याकडं वाकून म्हणाला,

"पोरी, इंग्रजीत 'पारू' लिवताना ए एक का दोन?"

मी काही बोलणार, तेवढ्यात टेबलावरच्या फोनातून आवाज आला. तो बंद करायचा राहूनच गेला होता.

"दोन लिवा. माझ्या आधार कार्डावर दोन हायती."