बाभळीचा ठोकळा

लांब शाफ्ट लेथवर फिरवला की मधोमध थरथरतो आणि त्यावर लाटा उमटतात. नेरच्या आमच्या वर्कशॉपमध्ये त्यावर एकच उपाय होता. तेलात मुरवलेला बाभळीचा ठोकळा उस्ताद मागून शाफ्टला दाबून धरायचे आणि मी टूल चालवायचो. कितीतरी वर्षं हेच चाललं.

गेल्या उन्हाळ्यापासून त्यांचेच हात थरथरायला लागले. दोन गिऱ्हाइकांनी शाफ्ट परत आणून आपटले. ज्यांनी मला कानस धरायला शिकवलं, त्यांना 'आता तुम्ही धरू नका' हे कोणत्या तोंडानं सांगणार? मी भित्राच. शुक्रवारी ते नमाजला गेले की तेवढ्या वेळात लपून स्टेडी, म्हणजे शाफ्टला मधोमध धरून ठेवणारा आधार, बनवायचो. कापसाच्या जिनिंग मिलच्या भंगारातलं जाड लोखंडी कडं घेतलं, तीन बाजूंनी बोल्ट बसवले, बोल्टांच्या टोकांना पितळ लावलं. त्या तीन बोल्टांनी धरलेला शाफ्ट हलायचं नाव घेईना.

पाचव्या शुक्रवारी उस्ताद लवकर परतले. फिरत्या शाफ्टकडे बघत उभे राहिले. मग मशीन बंद करायला लावली आणि एक बोल्ट जरासा ढिला केला. पाना त्यांच्या हातात खडखडत होता.

"एवढं आवळशीन तर तापते ना बे."

खिळ्यावरचा ठोकळा काढून त्यांनी पिशवीत टाकला. त्यानंतर ते वर्कशॉपमध्ये कधी आले नाहीत. त्या दिवशी दारातून एवढंच म्हणाले, "लपून कायले केलं? मले सांगतलं असतं, तर दोघं मिळून एका दिवसात केलं असतं."