शेजारची लाल मुळी

दादा गेल्याचं मला लिम आंटींनी फोन करून सांगितलं. सेम्बावांगला त्याच्या शेजारच्या फ्लॅटमध्ये राहणाऱ्या या चिनी बाईंकडे तो चहाला बसला होता, तिथेच छातीत कळ आली... मी हॉस्पिटलमध्ये पोचलो तेव्हा डॉक्टर त्यांच्याशीच बोलत होते. जवळची व्यक्ती म्हणून दादाने त्यांचंच नाव देऊन ठेवलं होतं. मी, सख्खा धाकटा भाऊ, त्याच शहरात बुकित तिमाहला असताना! महिना होऊन गेला, अजून बोचतं.

दादा जहाजावर इंजिनियर होता. हृदयाची झडप बदलल्यावर रक्त पातळ ठेवणारी वॉरफरिनची गोळी त्याला कायमची लागली. रक्ताच्या तपासणीला त्याला मी न्यायचो. ते काम माझंच, असं मी धरून चाललो होतो. एकदा तपासणीचा आकडा एकदम वर गेला, हिरड्यांतून रक्त येऊ लागलं. गोळ्या तर बरोबर चालू होत्या. मग कळलं, आंटी त्याला रोज डानशेन उकळून देत होत्या. ही लाल मुळी चिनी लोक हृदयासाठी घेतात. पण वॉरफरिनबरोबर घेतली तर गोळीचा जोर वाढतो, रक्तस्राव होऊ शकतो. दादाने डॉक्टरांना सांगितलंच नव्हतं.

"अरे, काढा तो! काढ्याला कोणी औषध म्हणतं का?" दादा म्हणाला.

आंटींना गोळीचं ठाऊक नव्हतं. कळल्यावर त्यांनी सगळ्या मुळ्या टाकून दिल्या, रडल्या. मला बरं वाटलं. आता दादा परत माझा, असं वाटलं. पण पुढच्या रविवारी आमच्याकडे जेवून तो हात वाळायच्या आत उठला.

"ते बंद केलंस ना?" मी विचारलं.

"केलं की. पण तिच्याकडे जायचं नाही, असं कुठल्या डॉक्टरने सांगितलंय?" तो हसला. "तुझ्याकडे आलो की तू माझं प्रेशर बघतोस. ती बोटीवरच्या गोष्टी विचारते."

पुढे काही वर्षं तो साधा चहा प्यायला तिथेच जात राहिला. ती वर्षं त्याला माझ्या तपासण्यांमुळे मिळाली, असं मी अजूनही म्हणतो... कुणाला ऐकवतो, कोण जाणे.

फ्लॅट रिकामा करायला गेलो तेव्हा दादाच्या रोजच्या चपला त्याच्या दाराशी नव्हत्या. आंटींच्या दाराबाहेर, त्यांच्या सपातांशेजारी होत्या. मी पिशवीत टाकल्या.

"राहू दे ना, लाह," त्या दारातून, इथल्या बोलीतलं शेपूट लावत म्हणाल्या.

मी ऐकलं नाही. आता त्या चपला आमच्या दाराशी असतात. पण येता-जाता पाहिलं की वाटतं, कुणी पाहुणा आलाय... आणि लगेच निघणार आहे.