मांडी घालून जेवण

त्या दुष्काळात जळकोटला आठवड्यातून एकदा टँकर यायचा, आणि माझ्या माकडहाडापाशी मात्र पाणी साठलं होतं. मणक्यातून निघणाऱ्या नसेच्या मुळाशी पाण्याची गाठ आहे, असं एमआरआयमध्ये निघालं. बसलं की आग व्हायची. शाळेत मी उभ्याने शिकवायचे, घरी उभ्यानेच जेवायचे. खाली ताट घेऊन बसलेली आई एकटीच घास चिवडायची. बसलेल्या माणसांचा मला तेव्हा रागच यायचा.

आईने आपल्या परीने माझ्या दुखण्याचं निदान केलं. आयुष्यभर रोजंदारीने विहिरी खणलेली बाई ती. "पानी कमी पी. झरा आटला की हीर आटती, तशी गाठबी आटंल."

मी विज्ञानाची शिक्षिका, पण दुखण्यापुढे शहाणपण चालत नाही. शिवाय घरातलं पाणी वाचत होतं. महिनाभर तांब्याभर पाण्यावर दिवस काढले. गाठ होती तशीच राहिली, लघवीची जळजळ तेवढी पदरात पडली.

शेवटी नांदेड गाठलं. एसटीत उदगीर नवा जिल्हा होणार की नाही, यावर भांडण जुंपलं होतं. एका आजोबांनी सरकून जागा केली, "बस की, बाई." मी दांडी धरून उभीच राहिले.

डॉक्टरांनी पाण्यावरून आधी झापलं. मग म्हणाले, पहिल्यांदा गोळ्या आणि व्यायाम. नाहीच भागलं तर सुईने पाणी काढू, पण ते पुन्हा भरू शकतं. ऑपरेशन अगदी शेवटी. त्यात नसेला धोका, आणि गुण येईलच असं नाही.

"सुईने बसता येईल?" मी विचारलं. मला आईसमोर मांडी घालून जेवायचं होतं, बाकी काही नको होतं.

"काही दिवस तरी."

गोळ्यांनी नुसती गुंगी आली, म्हणून सुईने पाणी काढून घेतलं. नंतरचे दोन महिने मी आईसमोर बसून जेवले. ज्वारीची भाकरी, वरण, तिच्या गप्पा. ते दिवस मला अजून हवे आहेत.

मग एका दुपारी जेवतानाच आग परतली. मी ओठ दाबून बसून राहिले. आईने एकदा माझ्याकडे बघितलं. गुडघ्यावर हात टेकून ती उठली, ताट हातात घेतलं आणि भिंतीला टेकून उभी राहिली.

"ऊठ," ती म्हणाली. "मला बसून लई कटाळा आलाय."