कोणी करून ठेवलं असेल

काम अडलं की आपा आधी कीबोर्डवरून दोन्ही हात उचलायची. चष्मा काढायची, ओढणीच्या टोकाने पुसायची, परत डोळ्यांवर ठेवायची आणि म्हणायची, "थांब. कोणी करून ठेवलं असेल."

तुमच्याही कामाच्या ठिकाणी असं एक माणूस असेल, ज्याला घाबरताच येत नाही. आमची आपा तशी होती. चंद्रपूरजवळच्या मूल गावच्या बाजारात तिच्या वडिलांचं शिलाईचं दुकान होतं. ते गेल्यावर तिने मशिनी हलवून दोन कम्प्युटर मांडले आणि राईस मिलवाल्यांसाठी प्रोग्राम लिहू लागली. गाडी आली, तोलली, पोती उतरली, पावती निघाली, एवढंच काम. कापड कापायचं लांब टेबल मात्र तिने ठेवलं. त्याच्या एका टोकाला माझी खुर्ची.

मी एटापल्लीच्याही आतल्या गावची. शाळा नववीत सुटली. मूलला आले ती पावत्या टाइप करायला. आपाने हळूहळू पायथन शिकवलं. प्रोग्राम लिहायची ती भाषा मला जमू लागली, पण भीती गेली नाही. परकं कोणी दुकानात आलं की वाटायचं, आता हा विचारणार, शिक्षण किती? मग बस पकडून गावी. म्हणून मी सगळं स्वतःच लिहायचे. दुसऱ्याचं घेतलं तर लोक म्हणतील, हिला काही येत नाही.

आपाचं नेमकं उलट. जगात कुठे कुठे बसलेले लोक आपल्या गरजेपुरती छोटी अवजारं लिहितात आणि इंटरनेटवर सगळ्यांसाठी मोकळी ठेवतात. एखादं तारखा नीट लावतं, एखादं पावती छापायला तयार करून देतं. आपल्या प्रोग्राममध्ये त्याचं नाव घातलं की ते कामाला लागतं. आपा ही अवजारं बाजारातल्या वांग्यांसारखी उलटून पालटून पाहायची. लिहिणाऱ्याने दिलेली माहिती मोठ्याने वाचायची. "हा भाऊ चांगला समजावून सांगते." "ह्यानं जेवता जेवता लिहिलं वाटते."

खरी पारख त्यापुढे. लोकांनी विचारलेल्या अडचणींना कोणी उत्तर दिलंय का, हे ती बघायची. दिलं नसेल तर म्हणायची, "घर मस्त आहे, पण आत कोणी राहत नाई. चल पुढं."

एकदा एका मिलच्या मोठ्या काट्याचं काम आलं. ट्रॉलीसकट ट्रॅक्टर तोलायचा तो काटा. त्यावरचा आकडा सरळ कम्प्युटरमध्ये घ्यायचा होता. मी एकटीने लिहिलं. दुकानात छोट्या काट्यावर आपाचा डबा ठेवून पाहिला, बरोबर आला. मिलमध्ये लावलं आणि दुसऱ्या दिवशी शेठ स्वतः दुकानात.

"आपा, तुमचा कम्प्युटर धान तोलते का हमाल?"

आमच्याकडे ट्रॉली काट्यावर चढते ती पोत्यांवर बसलेल्या माणसांसकट. ट्रॅक्टर थांबला की एकेक जण सावकाश खाली उडी मारतो. माझा प्रोग्राम आलेला पहिलाच आकडा उचलायचा. सगळे हमाल पावतीत.

शेठने माझ्याकडे पाहिलं. "ही पोरगी शिकलेली तरी आहे का?"

आपाने चष्मा पुसला. "पोरगी माझी आहे, शेठ. चूकबी माझीच समजा. काटा बरोबर होईतवर पावत्या हातानं लिहा."

शेठ गेला. मी मनात पिशवी भरून ठेवली होती. "आपा, मी जाऊ का गावाले?"

"काऊन? गावाले काटा आहे का?" मग म्हणाली, "बस इथी. कोणी करून ठेवलं असेल."

खरंच होतं. आकडा डुलायचा थांबेपर्यंत वाट पाहणारं अवजार एका परदेशी माणसाने लिहिलं होतं. त्याची बेकरी होती, तो पीठ तोलायचा. लोकांना उत्तरंही द्यायचा. "ह्या घरात माणूस आहे," आपा म्हणाली. पण पीठ उडी मारत नाही. आमच्याकडे दोन हमालांच्या उड्यांमध्ये आकडा क्षणभर थांबायचा आणि अवजार फसायचं. किती वेळ वाट पाहायची हे सांगायची सोय त्यात नव्हती. ती मी घातली. काटा बरोबर दाखवू लागला. शेठने चहा पाठवला.

मला वाटलं, सुटले. आपा म्हणाली, "आता परत दे."

"कोणाले?"

"ज्याचं घेतलं त्याले. आपलं जोडलेलं त्याच्या कामी येईल, नाईतर आणखी कोणाच्या."

"अन् त्यानं शिक्षण विचारलं तर?"

"माझं विचारलं तर मी काय सांगू? शिवणकाम?"

आम्ही दोघींनी मिळून इंग्रजीत लिहिलं: हा बदल कशासाठी, ट्रॉलीवर कोण बसतं, कसं उतरतं. काही दिवसांनी उत्तर आलं. आपाने वाचून दाखवलं. बदल घेतला, मनापासून आभार, आणि तुमचे हमाल कसे आहेत? शिक्षणाचा शब्द नव्हता. मी पाणी प्यायचं निमित्त करून मागच्या अंगणात जाऊन उभी राहिले.

पुढे आपाने मोठ्या काट्यांसाठी स्वतःचं अवजार लिहून तसंच मोकळं ठेवलं. तिच्या नावाशेजारी माझं नाव घातलं. कोणाचा प्रश्न आला की म्हणायची, "बघ वो, दारात कोणी आलं." उत्तर मात्र तीच लिहायची. मला अजून भीती वाटायची.

गेल्या हिवाळ्यात आपाला ताप आला. चंद्रपूरला नेलं. तिथून ती दुकानात परत आली नाही.

मिलवाल्यांची कामं मी करते. तिच्या खुर्चीवर बसत नाही, माझं टोक मला पुरतं. परवा तिच्या अवजारावर एक निरोप आला. केरळातला कोणी माणूस, नारळाच्या गाड्या तोलतो. त्याचा आकडा चुकत होता. सगळी अडचण लिहून शेवटी त्याने विचारलं होतं, इथे अजून कोणी आहे का?

मी कीबोर्डवरून दोन्ही हात उचलले. मला चष्मा नाही. ओढणीचं टोक उगाच बोटांत धरून बसले थोडा वेळ.

मग माझ्या मोडक्या इंग्रजीत लिहिलं: आहे. आधी सांगा, तुमच्याकडे गाडीवर कोणी बसून येतं का?