नवीन त्र्याऐंशी

"आपन नवीन हाय, आपल्याला काय म्हाईत?" असं म्हणून तो दोन्ही हात वर करायचा. कोल्हारच्या आमच्या शाळेच्या कचेरीत तेव्हा त्याला बावीस वर्षं झाली होती.

बोनाफाईड मागायला आलेल्या बाईला हेच, तपासणीच्या साहेबांनाही हेच. काम अंगाला लावून न घेणं, एवढं एकच काम तो मन लावून करायचा. असा एखादा तुमच्याही कचेरीत असेल; नसेल तर नशीबवान आहात.

मी शेजारच्या टेबलावर कारकून. मधल्या सुट्टीत मोबाईलवर अंतराळाचा एक ऑनलाइन खेळ खेळायचो, तो यानंही माझ्याकडून घालून घेतला. त्यात नव्या खेळाडूला एक ग्रह मिळतो आणि सात दिवस ग्रहाभोवती निळं कवच असतं. तोवर कुणी हल्ला करू शकत नाही. आठव्या दिवशी कवच जातं आणि खरा खेळ सुरू होतो. या पठ्ठ्यानं काय करावं? सातव्या दिवशी ग्रह सोडून दिला आणि नव्या नावानं पुन्हा पहिल्यापासून. दर आठवड्याला तेच. नावं सुचायचंही डोकं नाही. "नवीन एक", "नवीन दोन".

"भाऊसाहेब, एकदा तरी आठवा दिवस बघा की."

"कशाला? आठव्या दिवशी लोकं मारत्यात."

भित्रा तरी किती असावा माणूस!

मग परीक्षेचे फॉर्म वेळेत गेले नाहीत. हेडसरांनी ते स्वतःच्या कपाटात ठेवले आणि विसरले, हे आम्ही दोघांनीही पाहिलं होतं. ठपका माझ्यावर आला. चौकशीत त्याच्या एका वाक्यानं मी सुटलो असतो. त्यानं माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही. हात वर केले.

"आपन नवीन हाय."

माझी बदली पाथर्डीला झाली. आजारी आईला कोल्हारात ठेवून निघालो, तर हा स्टँडवर पेरूंची पिशवी घेऊन हजर. "रागावला व्हय?" मी पिशवी घेतली नाही.

यंदा श्रावणात तो कचेरीतच, खुर्चीत बसल्या बसल्या गेला. खरं सांगतो, फोन आला तेव्हा मला वाईट वाटलं नाही. सहज खेळ उघडला. नकाशावर त्याच्या "नवीन त्र्याऐंशी"च्या कवचाचे तीन दिवस उरले होते.

चौथ्या दिवशी कवच गेलं. पुन्हा नवीन व्हायला आता तो नव्हता. थोड्याच वेळात कुणाची तरी पाच जहाजं चालून आली. मी त्या भित्र्याला शिव्या घालत माझी होती नव्हती ती सगळी जहाजं नेऊन त्याच्या ग्रहापुढे उभी केली.

समोरच्यानं लिहून विचारलं, "हा कोण तुझा?"

कोण माझा? मला बुडवणारा.

मी लिहिलं, "नवीन आहे तो. त्याला काय माहीत? सोडा त्याला."