कोल्हिणीसाठी घेतलेली रायफल

मी आयुष्यात एकच बंदूक विकत घेतली, आणि ती कुठली घ्यायची हे शेवटी बाबांनी ठरवलं. वीज खात्यातून निवृत्त झालेला हा माणूस घरात पाल दिसली तर झाडू न मारता वर्तमानपत्राच्या सुरळीने तिला खिडकीबाहेर घालवायचा.

कोविड सुरू व्हायच्या थोडं आधी ते आमच्याकडे सिडनीला आले होते, उन्हाळ्यापुरते. आई मागे राहिली. तिच्या बहिणीचं ऑपरेशन होतं, ते उरकून ती येणार होती. मग सीमा बंद झाल्या. गिरावीन उपनगरातल्या दोन खोल्यांच्या फ्लॅटमध्ये मी बेडरूममधून पॅरामॅटाच्या ऑफिसचं काम करायचो आणि बाबा बाल्कनीत बसून फ्लाइटच्या बातम्या वाचायचे. वर्षभराने बायकोला आतल्या भागातल्या एका हॉस्पिटलात फिजिओची नोकरी मिळाली. माझं काम कुठूनही चालणार होतं. आम्ही एका मेंढ्यांच्या फार्मवरचं भाड्याचं घर घेतलं. घरामागे उतरती कुरणं, खाली ओढा आणि ओढ्यापलीकडे गमची, म्हणजे निलगिरीची झाडी.

तिथे राहायला गेल्यावर काही आठवड्यांतच आई गेली. दुसऱ्या लाटेत, पुण्यातल्या हॉस्पिटलात, काचेपलीकडे. चुलतभावाने स्मशानातून व्हिडिओ कॉल लावला. दुसऱ्या हाताने तो कागदांवर सह्या करत होता, त्यामुळे आम्हाला बहुतेक वेळ पत्र्याचं छप्परच दिसलं. फोन बंद झाल्यावर बाबांनी एकच विचारलं, "शेवटी तिला कळत होतं का रे?" मी डॉक्टरांना विचारून सांगतो म्हणालो. विचारलं नाही. त्यांनीही पुन्हा विषय काढला नाही.

जून आला, म्हणजे इकडची थंडी. एका संध्याकाळी मी स्वयंपाकघरात कणीक मळत होतो, बाबा हॉलमध्ये खुर्चीत होते. बाहेर अजून थोडा उजेड होता. अचानक ते म्हणाले, "आलो, आलो," आणि स्लिपर घालून मागच्या दाराकडे निघाले.

"कोण आहे बाबा?"

ते दारात थांबले. मग मलाही ऐकू आलं. ओढ्याकडून, लांबून, एका बाईने हाक मारावी तसा ताणलेला आवाज. आपल्याकडची कोल्हेकुई कळपाची असते, एकाने सुरू केलं की सगळे. हा आवाज एकटा होता. सुरुवातीला 'अ' आणि मग घसा फाटेपर्यंत लांबवलेला 'हो'.

आईने बाबांना जन्मभर 'अहो' अशीच हाक मारली होती.

"कोल्हीण आहे," मी म्हणालो. घरमालकीण बाईंनी मला सांगून ठेवलं होतं, थंडीत माद्या अशा ओरडतात.

"कोल्हीणच आहे, मला कळतं की," बाबा म्हणाले. "पण ऐकू 'अहो' येतं. त्याला मी काय करू?"

त्यानंतर रोज दिवे लागायच्या सुमारास ते खुर्ची मागच्या दाराशी नेऊन बसायला लागले. हाक आली की मान वर करायचे. ओ द्यायचं त्यांनी सोडलं होतं, पण ओठ हलायचे. बायको म्हणाली, आपण टीव्ही लावून ठेवू. लावला. त्यांनी उठून बंद केला.

मालकीण बाई सत्तरीच्या, एकट्या. त्यांच्या मेंढ्या त्याच महिन्यात विणार होत्या. पहिली कोकरं आली आणि सकाळी कुरणात त्यांतली काही पडलेली दिसायला लागली. जीभ खाल्लेली, शेपूट तोडलेलं, एक तर अजून श्वास घेत होतं. बाईंच्या डोळ्यांत मोतीबिंदू होता आणि कोविडमुळे त्याचं ऑपरेशन पुढे पुढे जात होतं. "मला रायफलच्या दुर्बिणीतून आता धुकंच दिसतं, मेट," त्या म्हणाल्या. "बंदुकीचं लायसन्स काढलंयस ना? मग ह्या कोल्हिणीला मारायचं काम तुझं."

लायसन्स मी त्यांच्याच आग्रहाने काढलं होतं. कॉलेजात एनसीसीत थोडीफार नेमबाजी केली होती, तेवढाच अनुभव. आधी त्यांनी घरातली रायफल वापरायला दिली. गेलेल्या नवऱ्याची होती, टू-फिफ्टी नावाच्या काडतुसाची. गोळी बारीक पण मागे दारू भरपूर, त्यामुळे तिचा आवाज असा की डोंगर उलटून बोलतो. मी पहिली गोळी झाडली ती चुकली. घरी आलो तर बाबा बाथरूमच्या भिंतीला टेकून बसले होते, दोन्ही हात कानांवर. बायको त्यांच्या पाठीवरून हात फिरवत होती. मी रायफल त्याच संध्याकाळी बाईंना परत केली.

"मग तुला लहान काहीतरी लागेल," बाई म्हणाल्या आणि त्यांनी मला नीट समजावलं. साधी टू-टू, जिच्यात काडतुसाच्या कडेवर मार बसतो, ती सशांसाठी ठीक. कोल्ह्याला लांबून मारली तर तो जखमी होऊन झाडीत जातो आणि दोन दिवस मरत राहतो. म्हणून सेंटरफायर हवी, काडतुसाच्या बुडात मधोमध दारू पेटवणारी टोपी असलेली. त्यातही गोळी हलकी, पातळ कवचाची. ती आत गेली की तिथेच फुटते, आणि चुकून जमिनीवर आपटली तरी उसळी मारून शेजाऱ्यांच्या गाईंपर्यंत जात नाही.

गावातल्या दुकानात मास्क लावून गेलो. काउंटरवर प्लास्टिकचा पडदा, मागे अर्ध्या रिकाम्या फळ्या. टू-टू-थ्री ही रायफल सगळेच वापरतात, पण तिची काडतुसं कधी येतील ते दुकानदाराला सांगता येईना. त्याच्याकडे जुन्या दोनच रायफली होत्या, दोन्हींची काडतुसं होती. एक हॉर्नेट, दुसरी ट्रिपल टू. हॉर्नेट छोटी, आवाज बराच कमी, घरात झोपलेला माणूस दचकणार नाही इतका. पण तिची गोळी लवकर दमते, दीडशे मीटरच्या पुढे खाली पडायला लागते. ट्रिपल टू त्याहून मोठ्याने बोलते, पण ओढ्यापर्यंत सरळ जाते. मी दोन्हींचे फोटो काढले आणि विचार करून सांगतो म्हणालो. मनात हॉर्नेटच होती. बाबांच्या कानांसाठी.

जेवताना मी बायकोशी त्याबद्दल बोलत होतो. बाबा ऐकत असतील असं वाटलं नव्हतं.

"वेग किती आहे गोळीचा?" त्यांनी विचारलं.

मी सांगितला. दोन्हींचाही आवाजापेक्षा कितीतरी जास्त.

"म्हणजे गोळी आधी पोचते, आवाज नंतर."

"हो."

"नीट लागली तर?"

"नीट लागली तर संपलंच, बाबा."

"म्हणजे तिला ऐकूसुद्धा येत नाही. काही कळतच नाही."

बायकोने माझ्याकडे पाहिलं. मी भाकरीचा तुकडा मोडत राहिलो.

"आणि ती हॉर्नेट ओढ्यापर्यंत नीट लागेल?"

"लागेलही. वाऱ्यावर आहे. खात्री नाही."

बाबांनी ताट थोडं पुढे सरकवलं. "मग ती नको. माझ्या कानांचा विचार करू नकोस तू. तिला कळता कामा नये, अशी घे."

मी ट्रिपल टू ठरवली. खरेदीचं परमिट येईपर्यंत रोज संध्याकाळी ती हाक येत राहिली आणि बाबा दाराशी बसत राहिले. मी त्यांना एकदा विचारलं, तुम्हाला नको असेल तर मी बाईंना दुसरं कुणीतरी बघायला सांगतो. ते म्हणाले, "कोकरांचं काय मग? आणि दुसरा कुणी कसा मारेल, कुणास ठाऊक."

रायफल हातात आल्यावर मी मातीच्या बांधासमोर पुठ्ठ्यावर नेम बसवला. नळी बारीक, खांद्याला जेमतेम धक्का. बाबा त्या वेळी अंगणात येऊन उभे राहिले, कानात कापूस घालून. दर गोळीला डोळे मिटायचे, पण हलले नाहीत.

ठरवलेल्या दिवशी ऊन उतरताना आम्ही दोघे गवताच्या शेडपाशी गेलो. मी नको म्हणत होतो, पण ते आले. मी पालथा पडलो, ते मागे गवताच्या गठ्ठ्यावर बसले. बाईंनी दिलेली पत्र्याची शिट्टी मी दातांत धरून फुंकली. जखमी सशासारखी चिरकते ती. बराच वेळ काहीच नाही. मग ओढ्याच्या पलीकडच्या काठावर ती आली. दुर्बिणीत तिचा तांबूस चेहरा, काळे पाय. ती बसली, मान उंचावली आणि ओरडली.

इतक्या जवळून मी पहिल्यांदाच ऐकत होतो. मलाही 'अहो'च ऐकू आलं.

मी चाप ओढला.

ती जागच्या जागी कलंडली. मग आवाज डोंगरावर आपटून परत आला, आणि तोपर्यंत तिकडे सगळं झालं होतं.

आम्ही दगडांवरून ओढा ओलांडून गेलो. बाबा गुडघ्यांवर बसले. "केवढीशी आहे," ते म्हणाले. तिचे डोळे उघडे होते. त्यांनी ते मिटायचा प्रयत्न केला, पापण्या मिटेनात. इकडे मारलेला कोल्हा कुंपणाच्या तारेवर लटकवायची पद्धत आहे, तसं मी सांगितलं. त्यांनी मान हलवली. मी शेडमधून पहार आणि फावडं आणलं. जमीन थंडीने कडक झाली होती. खड्डा आम्ही आळीपाळीने खणला, मी थांबा म्हणालो तरी ते थांबले नाहीत. मातीची पहिली ओंजळ त्यांनी टाकली. घरी आल्यावर त्यांनी डोक्यावरून आंघोळ केली आणि मलाही करायला लावली. बायकोने कारण विचारलं नाही, टॉवेल काढून दिले.

त्या रात्री ते नीट झोपले. सकाळी मी बाईंकडे गेलो तेव्हा त्या म्हणाल्या, एकही कोकरू गेलं नाही.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी पुन्हा हाक आली. झाडीच्या आतून, अंमळ जाड आवाजात. मी घाबरून बाबांकडे पाहिलं. ते थोडा वेळ ऐकत राहिले. "ही दुसरी," म्हणाले आणि खुर्ची उचलून आत घेऊन गेले. तीही मी नंतर मारली, आणि आणखी काही. त्यांतल्या एकीच्याही वेळी बाबा आले नाहीत.

सीमा उघडल्यावर पहिल्या मिळालेल्या फ्लाइटने ते परत गेले. एअरपोर्टवर त्यांना सोडताना मी विचारलं, एकटे राहाल का? "राहीन की," ते म्हणाले. "तिचे कपडे वगैरे आवरायचेत अजून."

बाईंच्या डोळ्यांचं ऑपरेशन झालं. आम्ही सिडनीला परतताना ती ट्रिपल टू रीतसर त्यांच्या नावावर केली. त्यांनी बोल्ट, म्हणजे मागची खिट्टी, काढून नळीतून उजेडाकडे पाहिलं आणि म्हणाल्या, "गुड चॉइस."

बाबा आता पुण्यात आहेत. घर रस्त्यावर आहे, खाली बसस्टॉप, समोर मंगल कार्यालय. फोनवर मला वाहनांचे हॉर्न ऐकू येतात, बँड ऐकू येतो. संध्याकाळी फोन केला की मी विचारतो, काय चाललंय? ते म्हणतात, "काही नाही रे. इथं फार शांत आहे."