अप्पांनी खोडलेला शब्द

परगावी निघालेल्या पोरीला तुमच्या घरात काय सांगून पाठवतात? सांभाळून राहा, कोणाच्या तोंडी लागू नको, मोठ्यांचं ऐक. हेच ना? मी परदेशी निघाले तेव्हा बुऱ्हाणपूर स्टेशनच्या फलाटावर माझे वडील, अप्पा, मला म्हणाले, "सगळ्यांशी नीट बोल. पण हात जोडून बोलायचं नाही."

आई पिशवीत मावा जिलेबीचा डबा कोंबत होती. तिथूनच ती म्हणाली, "पोरीले शिकाले पाठवून राह्यले का भांडाले?"

"दोन्हीले," अप्पा म्हणाले.

गाडी हलली तेव्हा आम्ही तिघंही हसत होतो. रडू आलं ते भुसावळला, डबा उघडल्यावर.

घर सोडणं आमच्याकडं माझ्यापासून सुरू झालेलं नाही. आजोबा जळगावकडून कागद मिलच्या नोकरीसाठी बुऱ्हाणपूरकडं आले आणि मिलच्या कॉलनीतच राहिले. अप्पाही मिलमध्ये लागले. ड्यूटी संपली की ते कामगारांची पत्रकं लिहीत. आमच्या क्वार्टरमध्ये गोष्टींची पुस्तकं नव्हती. मी वाचायला शिकले ती त्या पत्रकांवर. कच्चा मजकूर ते मला मोठ्याने वाचायला लावत आणि मी जिथं अडखळेन तिथलं वाक्य बदलत. म्हणत, "तुझी जीभ अडकली म्हणजे मिलच्या गेटवर वाचणारा माणूस अडकणार."

छपाई बुऱ्हाणपुरातल्या शनवारा भागात व्हायची. पत्रकाच्या शेवटी 'आपले नम्र' लिहायचा रिवाज आहे, म्हणून छापखानेवाले काका ते न सांगताच टाकायचे. अप्पा प्रूफ आलं की आधी तो शब्द खोडायचे.

"अरे पाटील, नम्र लिखने से क्या घिस जाएगा तू?" काका वैतागून म्हणायचे.

"घिसेल ना. हक्काचं मागाले आलो, नमाले नाही."

मला तेव्हा त्या भांडणाची गंमत वाटायची. शाळेतल्या अर्जात मीही 'आपली नम्र' लिहायचं सोडलं आणि बाईंचा मार खाल्ला. अप्पांनी त्या दिवशी मला समोसा खाऊ घातला.

आता मी एका थंड शहरातल्या युनिव्हर्सिटीत कामगारांचा इतिहास शिकवते. इथं प्रत्येकाला वेबसाइटसाठी आपला प्रोफाइल लिहून द्यावा लागतो. आपणच लिहायचं, पण दुसऱ्याने आपल्याबद्दल लिहिल्यासारखं. नोकरी लागली तेव्हा मी पहिला मसुदा फोनवर मराठीत करून ऐकवला होता. "शुभांगी पाटील या व्याख्यात्या आहेत. त्यांचं संशोधन..."

"थांब, थांब," आई म्हणाली. "ह्या कोन बाई? सोतालेच अहो-जाहो करून राह्यली का तू?"

अप्पांचं हसणं मला पलीकडून ऐकू आलं. इंग्रजीतल्या 'शी'ला मान नसतो, अपमानही नसतो. मराठीत मात्र पंचाईत. त्या 'त्यां'च्या खाली जर्नल होतं, ग्रँट होती, फेलोशिप होती. कॉलनी कुठंच नव्हती.

मागच्या हिवाळ्यात अप्पांना लकवा मारला. उजवी बाजू गेली, बोलणं एकेका शब्दावर आलं. मी जाऊन राहून आले. परतल्यावर प्रोफाइलमध्ये एक वाक्य घातलं: तिचे वडील बुऱ्हाणपूरजवळच्या कागद मिलमध्ये कामगार होते आणि त्यांनी लिहिलेल्या पत्रकांवर ती वाचायला शिकली. ज्या माणसाने आपल्या लिखाणाखाली कधी नाव घातलं नाही, त्याला हे छापलेलं ऐकवायचं होतं. त्यांना ऐकू येतंय तोवर. मला घाई होती ती एवढ्याचीच.

पान वेबसाइटवर चढल्याचा मेल आला तसा मी व्हिडिओ कॉल लावला. आईने फोन अप्पांच्या तोंडासमोर धरला. मी स्क्रीनवर बघत, मराठी करत वाचू लागले. शेवटी आले तर माझं वाक्य तिथं नव्हतंच. पत्रकं गायब होती. त्या जागी लिहिलं होतं की ही बाई एका मिल कामगाराच्या 'हंबल' घरातून आलेली आहे. इंग्रजीत तसं साध्या, गरीब घराला म्हणतात, पण वाचण्याच्या ओघात माझ्या तोंडून शब्दशः निघून गेलं, "नम्र घरातून."

अप्पांनी डावा हात उचलला आणि हवेत आडवी रेघ ओढली. आईला वाटलं, पाणी मागताहेत. ती उठली. त्यांनी परत तशीच रेघ ओढली, माझ्याकडं बघत.

मी त्याच दिवशी युनिव्हर्सिटीची वेबसाइट सांभाळणाऱ्या ऑफिसला लिहिलं. तिथल्या बाईंचं उत्तर फार गोड होतं. हा शब्द कौतुकाचाच आहे, विद्यार्थ्यांना यातून प्रेरणा मिळते, पत्रकांचा तपशील वाचकाला जरा परका वाटतो. मी लिहिलं, ज्या माणसाने आयुष्यभर हा शब्द खोडला त्याच्याच डोक्यावर तुम्ही तो ठेवलाय. पगार कमी होता असं म्हणा, खोल्या लहान होत्या म्हणा. मान खाली होती असं म्हणू नका. लेकरं उंच दिसावीत म्हणून आईबापांना वाकवून दाखवायच्या या सवयीची मला चीड येते. आणि ती काही परदेशातच नाही. आपल्याकडच्या सत्कारात 'अत्यंत सामान्य कुटुंबातून आलेल्या' म्हटल्याशिवाय कोणाला हार घातला जातो? त्या कुटुंबाला विचारा की तुम्ही सामान्य आहात का!

बाईंनी माझं म्हणणं मान्य केलं. पण पान बदलायचं म्हणजे वेब टीमची रांग, मग विभागप्रमुखांची मंजुरी. मी रोज आठवण करत होते आणि रोज फोनवर अप्पा विचारत होते.

"काढला?"

"काढताहेत, अप्पा."

मग एका सकाळी फोनवर नुसतीच आई होती.

मी पोचले तोवर तापीकाठी सगळं उरकलं होतं. माणसं पांगल्यावर आई म्हणाली, "शेवटपर्यंत तेच विचारत होते. मग मीच म्हटलं, काढला हो तिनं. जिवाले शांती पडंल म्हणून खोटं बोलली. तर म्हणतात कसे, 'दाखव.' आता मी काय दाखवू?"

मी परत आले तेव्हा पान दुरुस्त झालेलं होतं. माझं वाक्य जसंच्या तसं तिथं आहे. ते मी अजून कोणाला मोठ्याने वाचून दाखवलेलं नाही.

घर कुठं, असं इथं मला विचारतात. मी बुऱ्हाणपूर म्हणते, पण क्वार्टर आता सुटेल आणि आई जैनाबादला मामांकडं जाईल. घर म्हणजे मला ते कान आठवतात, ज्यांना माझ्या वाक्यातला एक खोटा शब्द लगेच टोचायचा. इथं मी काहीही वाचलं तरी लोक 'लव्हली' म्हणतात.

तेव्हा माझ्यासारखे जे बाहेर गेलात आणि ज्यांचे आईबाप अजून ऐकू शकतात, त्यांच्याकडं माझं एक मागणं आहे. आपला प्रोफाइल आज उघडा. आईबाप जे काम करत होते त्या कामाचं नाव त्यात लिहा. मग फोन लावा आणि सगळं त्यांच्या भाषेत करून त्यांना वाचून दाखवा. मध्येच ते थांबवतील, हसतील, नाराज होतील. होऊ द्या. फक्त त्यांना जो शब्द खटकेल तो फोन ठेवायच्या आधी काढा, आणि काढलेला त्यांना दाखवा.